करडीचं तेल

सायकलच्या रिमला तेल लावू नये, एवढी साधी गोष्ट वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मला कळत नव्हती. खरं लिहायचं ठरवलंच आहे तर नीट लिहिते. कळत होती. दोनदा सांगितलेली होती. पण सांगणारा सांगत होता तेव्हा मी हँडलला लावलेल्या गोल आरशात बघत होते, कपाळावरची टिकली मधोमध आहे की नाही ते. टिकली मधोमध होती. त्या मोसमात बिनचूक म्हणावं असं माझ्या हातून तेवढं एकच झालं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी माझ्या मैत्रिणीच्या, शकूच्या, सायकलच्या दोन्ही रिमा विटेच्या भुकटीनं घासल्या आणि वरून वाटीभर करडीचं तेल चोळलं. सायकल अशी चमकली की आई म्हणाली, समईसुद्धा तू कधी इतक्या मनानं घासली नाहीस. त्या चमकेपायी एका मुलीचा पाय गेला आणि एका माणसाचं दुकान उठलं. याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात मी नवऱ्याच्या घोरण्यावर लिहिलं, सुनेच्या पुरणपोळीवर लिहिलं, स्वतःच्या गुडघ्यांवर तर तीन लेख लिहिले. हे तेवढं लिहिलं नाही.

यंदा घरात पुन्हा सायकलचा मोसम आला आहे, म्हणून लिहिते.

माझी नात मुक्ता शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी ती दोनशे किलोमीटर सायकल चालवणार आहे. वेरूळ, मग कन्नड, तिथला घाट खाली उतरायचा आणि तोच पुन्हा चढून घरी यायचं. बक्षीस नाही, पहिला नंबर नाही. मग कशाला गं, असं मी विचारलं तर म्हणाली, "मजा म्हणून." पितृपक्षापासून तिची तयारी चालू आहे. सकाळी दूध यायच्या आधी ती दौलताबादच्या चढावर असते. परत येते ती पाठीवर चिखलाची उभी रेघ घेऊन, आणि तिच्याबरोबर दारातून वास येतो कापलेल्या बाजरीचा, भिजलेल्या डांबराचा, रस्त्याकडेच्या तरवडाचा. ओट्यावर खजूर, भिजवलेले शेंगदाणे, मिठाच्या गोळ्या मांडलेल्या असतात. फ्रीजवर तिनं चढ-उतारांचा नकाशा चिकटवला आहे. करवतीच्या दातांसारखा दिसतो तो. घरातले सगळे चढाकडे बघून चुकचुकतात. मी भाजी निवडता निवडता फक्त उताराकडे बघते.

परवा मला प्रेमाचा झटका आला. मुक्ता अंघोळीला गेली होती. सायकल हॉलमध्ये उभी होती आणि चाकाच्या मधल्या पोलादी चकतीवर चिखलाचा शिंतोडा होता. मी तो बोटानं पुसायला वाकले, तेवढ्यात ओल्या केसांची मुक्ता बाथरूमच्या दारातून म्हणाली, "आजी, डिस्कला हात नको. बोटाचं तेल लागलं तरी ब्रेक जातो."

मी हात मागे घेतला आणि बोटं नाकाशी नेली. सकाळी डोक्याला लावलेल्या खोबरेलाचा वास यायला हवा होता. मला करडीचा आला.

दुष्काळ अजून यायचा होता, विहिरींना पाणी होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. औरंगाबादेत तेव्हा मुलगी सायकलवर दिसली की पानाच्या ठेल्यावरचं बोलणं मध्येच थांबायचं. आमच्या कॉलेजात पाठकबाई नावाच्या खेळाच्या शिक्षिका होत्या. पुण्याहून आलेल्या, त्यामुळे त्यांना इथलं सगळंच सुधारायचं होतं. त्यांनी जाहीर केलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलींची सायकल-सहल वेरूळला जाईल. दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, तिथून वेरूळचा घाट उतरायचा, लेण्यांपाशी बसून भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत परत. अकरा मुली तयार झाल्या. त्यातल्या आठ जणी, त्याच दिवशी मुलांच्या कॉलेजची सहलही वेरूळला येणार आहे अशी अफवा उठल्यामुळे. ती अफवा मी उठवली होती.

माझी सायकल माझी स्वतःची होती. हिरवी, नवी कोरी. वडील कचेरीत नोकरीला, बिडकीनला शेती, आणि मी एकुलती एक लेक. मागितलं ते मिळायचं आणि न मागितलेलं अक्कल सोडून बाकी सगळं. शकू हॉस्टेलवर राहायची. पाचोडकडची, धनगराची. तिच्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं तिच्याआधी कुणी नव्हतं. वडील आणि दोघे भाऊ मेंढ्यांमागे निम्मं वर्ष मुलूख फिरायचे, आणि ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पहिल्या बाकावर बसायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. पाचोडच्याच शाळेत. हे ती अशा सुरात सांगायची की जणू विलायतेला जायचंय.

त्या पावसाळ्यापर्यंत शकू सायकलवर बसलेली नव्हती. आठ दिवसांत शिकली. दहाव्या दिवशी छावणीच्या रस्त्यावर तिनं मला मागे टाकलं. मी तीन महिने शिकत होते आणि अजून वळताना हात दाखवायला गेले की पडत होते. पाठकबाई म्हणायच्या, "शकुंतलेची छाती बघा, भात्यासारखी चालते." मी घरी जाऊन आईला सांगितलं की बाई माझ्याबद्दलच असं म्हणाल्या.

महिनाभर रोज सकाळी आमचा ताफा निघायचा. आधी हर्सूलपर्यंत, मग छावणीतून पुढे, मग मकबऱ्यामागच्या लेण्यांचा चढ. पायांत गोळे यायचे. हॉस्टेलच्या मुली पोटऱ्यांना गरम तेल चोळायच्या आणि माझी आई मला तुपातले डिंकाचे लाडू चारायची. ते लाडू खाऊन मी चढावर ढेकर द्यायचे, आणि पुढे गेलेली शकू वर बसून हसायची. तिला माझी सलवार-कमीज दिली होती मी, कारण तिच्याकडे दोन पातळांशिवाय काही नव्हतं. सलवार तिला आखूड व्हायची. पायाची नडगी उघडी दिसायची. सावळी, सरळ, काठीसारखी. तो पाय मला आजही तसाच आठवतो, धडका.

शकूची सायकल भाड्याची होती. पैठण गेटजवळ चिंचेखाली महबूबचाचांचं पत्र्याचं दुकान होतं, तिथली सात नंबरची. चाचांचे वडील निजामाच्या घोडेस्वार पोलिसात होते. पोलिस ॲक्शन झालं, नोकरी गेली, घोडा विकला आणि त्यातून दोन सायकली घेतल्या. दोनाच्या पुढे डझनभर झाल्या, पण चाचा त्यांच्याशी अजून घोड्यासारखेच बोलायचे. कुणी सायकल भिंतीवर आदळून ठेवली की म्हणायचे, "मारो मत उसकू." चेनला तेल घालणं म्हणजे त्यांच्या भाषेत दाणा घालणं. मुलींची सहल जाणार म्हटल्यावर दुकान भाच्याच्या हवाली करून ते स्वतः दोन सकाळी आमच्याबरोबर आले होते, उतरायचं कसं ते शिकवायला. टोपी मागे सरकवून लेण्यांच्या चढावर मधोमध उभे राहायचे आणि एकेकीला वरून खाली सोडायचे.

"चढना मुश्किल नहीं जी, दम लगता, बस. उतरते वखत सायकल तुमारी नहीं रहती, रिम की रहती. रिम सूखी रखना. गीली हुई तो राख मारना. तेल चेन कू, हब कू. रिम कू नक्को."

"समजलं, चाचा," शकू म्हणाली.

"और तुमे, आईनेवाली? सुने क्या कुछ?"

आईनेवाली म्हणजे मी. मी आरशातूनच मान हलवली.

खंडेनवमी जवळ आली तेव्हा सगळ्या सायकलींची पूजा आमच्या अंगणात करायची, ही कल्पनाही माझीच. आमच्याकडे नांगराचा फाळ, विळे, वडिलांची दौत, आईचं शिवणयंत्र, सगळं पाटावर मांडून पूजलं जायचं, आणि पूजलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत कामाला लावायचं नाही अशी रीत. त्यात त्या वर्षी अकरा सायकली. चाचांना विचारायला शकू आणि मी गेलो. भाड्याची सायकल, दुसऱ्याची वस्तू, म्हणून. ते म्हणाले, "करो ना पूजा. मेरे वालिद बी दसरे कू घोडे कू हार डालते थे."

बाकीच्या सायकलींना हळद, कुंकू, झेंडूची माळ एवढं पुरलं. सात नंबरकडे बघून मला वाईट वाटलं. गंजलेली, रंग उडालेली. सहलीच्या सकाळी फोटोग्राफर येणार होता. शकू शेजारी उभी राहणार आणि तिची सायकल अशी कळाहीन दिसणार. मी विटेची भुकटी घेतली. मैत्रिणीवरचं प्रेम म्हणा, आणि फोटोत माझ्या बाजूला घाण नको हेही म्हणा. घासून झाल्यावर देवाजवळची तेलाची वाटी उचलली. करडीचं तेल, घाण्यावरून कालच आणलेलं, पिवळंधमक. बोटांनी चोळत चोळत दोन्ही चाकांना पुरेपूर लावलं. मग त्यावर कुंकवाची बोटं ओढली. चाक फिरवलं की तांबडी नक्षी फिरायची. माझ्यावर सगळ्या मुली खूष. शकूच्या डोळ्यांत तर पाणी आलं. तिच्या वस्तूसाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

रविवारी सकाळी अंगणातून सायकली काढताना शकूनं दोनदा ब्रेक दाबून बघितला.

"कुसे, ब्रेक लई गुळगुळीत लागतोय गं. दाबला तरी चाक फिरतंच."

"तुला जायचंय का थांबायचंय?"

"तसं नाय. राखेनं पुसून घेऊ का जरा? चाचा म्हन्ले व्हते."

चुलीपाशी राखेचा ढीग होता. चार पावलांवर. मी काय म्हणाले ते शब्दाशब्दासकट लक्षात आहे, कारण त्या वेळी मला ते फार चटकदार वाटलं होतं आणि आजूबाजूच्या मुली हसल्याही होत्या. मी म्हणाले, "पूजेचं तेल राखेनं पुसतेस? उद्या देवाला पायपुसण्यानं पुसशील. दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही त्याला."

शकूनं सायकलच्या चाकाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. म्हणाली, "चुकलं."

मग फोटो निघाला.

दौलताबादपर्यंतचा रस्ता आजही मला मुक्ता तिथून जाऊन येते तेव्हा तिच्या बुटांवर दिसतो. तीच तांबूस माती. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना गवत कंबरेएवढं होतं, त्यावर दहिवर, तुरीच्या शेतातून कोळ्यांची जाळी चमकत होती. लहानसहान उतारावर शकू पाय टेकवत, चप्पल घासत जात होती. मला वाटलं, भित्री आहे. घाटात आम्ही सगळ्या उतरून सायकली ढकलत चढलो. एकटी शकू बसून चढली. घाटातल्या जुन्या दरवाजाच्या कमानीखाली जाऊन तिनं मागे वळून बघितलं. घामानं चेहरा निथळत होता. त्या क्षणी तिला कुणी सांगितलं असतं की आभाळात चढ, तर ती चढली असती. खुलताबादेत आम्ही पेरू खाल्ले. पाठकबाईंनी सगळ्यांना बजावलं की आता उतार आहे, अंतर ठेवा. मी पेरूच्या बिया दातांतून काढत होते.

वेरूळचा घाट लांब नाही. पण वळणं अशी आहेत की पुढचं काही दिसत नाही, आणि मग एकदम दिसतं: खाली हिरवं मैदान, आणि डोंगराच्या पोटात लेण्यांची काळी ओळ. शकू माझ्या पुढे होती. पहिल्या वळणानंतर तिची चप्पल रस्त्याला घासल्याचा आवाज आला. मग एक चप्पल मागे पडलेली दिसली. मग ती ओरडली, "कुसे, हे थांबंना गं." घाबरून नाही. एखादं मेंढरू ऐकत नाही अशी तक्रार करावी तशी. पुढच्या वळणावर सगळे वळतात तिथं ती सरळ गेली. दगडी कठड्यावर.

मी पोचले तेव्हा पुढचं चाक अजून फिरत होतं. कुंकवाची तांबडी नक्षी फिरत होती. झेंडूच्या पाकळ्या रस्ताभर. पाय गुडघ्यापाशी अशा बाजूला वळला होता की त्या बाजूला पाय वळत नाही.

खालून येणारा एक ट्रक पाठकबाईंनी आडवं उभं राहून थांबवला. रिकाम्या पोत्यांवर शकूला निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. दौलताबाद आलं तेव्हा तिनं माझा हात धरला. मग डोळे मिटूनच विचारलं, "मी तेल पुसते म्हन्ले, म्हनून झालं का गं हे?"

इथं सांगायचं होतं. ट्रकच्या आवाजात कुणी ऐकलंही नसतं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गप पड. बोलू नकोस." हाताला अजून तेलाचा वास होता की तो मला तेव्हापासूनच येतो, हे मी सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत चौकशी झाली. पाठकबाई एका खुर्चीवर, रडून डोळे सुजलेले. आम्ही दोघी-तिघी मुली भिंतीला टेकून. सात नंबरची सायकल वरांड्यात उभी करून ठेवली होती, पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं. चाचांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. आल्या आल्या विचारलं, "बच्ची कैसी है?" प्रिन्सिपॉलांनी वरांड्यातल्या सायकलीकडे बोट दाखवलं. मग ते सायकलीपाशी वाकले. वाकडं चाक राहू दिलं आणि मागच्या चाकाच्या रिमवरून अंगठा फिरवला. अंगठा बघितला. आणि सावकाश खांद्यावरच्या रुमालाला पुसला. मी स्वतःला समजावलं, पोचे तपासत असतील.

"ब्रेक तपासले होते का?" प्रिन्सिपॉलांनी विचारलं.

"तपासे थे, साब."

"मग लागले का नाहीत?"

चाचा हातातली टोपी फिरवत राहिले.

"बोला ना. लागले का नाहीत?"

प्रिन्सिपॉलांनी पाठकबाईंकडे वळून म्हटलं, "अशा माणसांवर विसंबलो ही आपलीच चूक." अशा म्हणजे कशा, हे खोलीत सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मग ते चाचांना म्हणाले, "जा तुम्ही." चाचा लगेच गेले नाहीत. वरांड्यात, दाराच्या चौकटीपाशी, टोपी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मी पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ गिरवत होते. मला वाटलं, सायकल परत हवी असेल. किंवा लाज वाटत असेल. लाज कुणाला वाटायला हवी होती याचा विचार करायला पुढे मला सवडच सवड मिळाली.

हॉस्टेलच्या मुलींचं गिऱ्हाईक तर चाचांचं सुटलंच, पण महिन्याभरात गावभर झालं, महबूबच्या सायकलींना ब्रेक नसतात. टवाळ पोरं जाता-येता त्यांच्या सायकली उलट्या करून ठेवायची. संक्रांतीला मी हळदी-कुंकवाला निघाले होते, तेव्हा चिंचेखाली नुसता पत्रा होता. नंतर पत्राही नव्हता.

शकूला तिचे वडील दवाखान्यातून परस्पर पाचोडला घेऊन गेले. गुडघा वाकत नव्हता. परीक्षा बुडाली, कॉलेज राहिलं, आणि उन्हाळ्यात मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न लागलं. मी एकदाच गेले भेटायला, दुष्काळाच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी. घोंगड्यांच्या चळतीशेजारी ती पाय लांब करून बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो पाय ओलांडून जावं लागत होतं. मला बघून उठायला लागली, उठता येईना म्हणून हसली. शेजारच्या पोराला पिटाळून चहा मागवला.

"कॉलेज सरलं का तुजं?"

"सरलं. मास्तरीण झाले, जालन्याला."

"व्हय? बेस झालं. लई बेस." खरंच मनापासून म्हणाली. मग पायाकडे बघत म्हणाली, "त्या चाचाची सायकलच वाईट व्हती बग. पर तू एवढी पूजली व्हतीस ना कुसे, म्हनून जिवावरचं पायावर निभावलं. मी सगळ्यास्नी सांगत असते."

इथंही सांगता आलं असतं. मी चहा प्यायले. कप खाली ठेवताना छान झालाय असंही म्हणाले. बारा वर्षांपूर्वी शकू गेली. तिच्या लेकानं फोनवर सांगितलं, आई तुमचं नाव घ्यायची, तुमच्या पूजेचं सांगायची.

मोसम दरवर्षी येतो. बाजरी कापली जाते, झेंडूचे ढीग रस्त्यावर येतात, आणि लोक गाड्या धुऊन दारात लावतात. मोटारींना माळा, ट्रकला माळा, मुलांच्या तीनचाकींनाही. मी कुणाला काही म्हणत नाही. फक्त माझ्या घरात खंडेनवमीला तेलाची वाटी बाहेर निघत नाही. सून म्हणते, आईंना वयोमानानं विचित्र सवयी लागल्या. लागल्या खऱ्या. काल मुक्तानं स्वतः पाट मांडला आणि म्हणाली, "आजी, पूजा तूच कर." मी हँडलला हळदी-कुंकवाचं बोट लावलं, माळ घातली आणि हात मागे बांधून उभी राहिले. मग तिला खाली बसवलं आणि हे सगळं सांगितलं, शकूच्या पायापासून चिंचेखालच्या पत्र्यापर्यंत. ती ऐकत राहिली. तिनं मला समजावलं नाही, लहान होतीस असं म्हणाली नाही. उठली, स्पिरिटनं चकत्या पुसल्या, आणि अंगणात नेऊन दहा-बारा वेळा ब्रेक दाबून बघितले. मग विचारलं, "चाचांना कधी सांगितलंस की नाही?"

सांगितलं. सात वर्षांनी सांगितलं, आणि तेही माझ्याच पद्धतीनं, म्हणजे बहाणा करून. नवरात्रात माहेरी आले होते. कुणीतरी म्हणालं, सायकलवाला महबूब आता शहागंजात फुटपाथवर स्टोव्ह दुरुस्त करतो. मी आईचा धडधाकट स्टोव्ह उचलला आणि गेले. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी स्टोव्हला पिन मारली, पंप दिला, काडी ओढली. निळी ज्योत फुलासारखी उभी राहिली.

"इसकू तो कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. मग चष्म्यावरून नीट बघितलं. "आईनेवाली ना तुमे?"

मी तिथंच फुटपाथवर बसले. खंडेनवमी, विटेची भुकटी, वाटी, राखेचा ढीग, माझं चटकदार वाक्य, सगळं सांगितलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनी हातानंच त्यांना थांबवलं. माझं संपल्यावर त्यांनी चावी फिरवून स्टोव्ह विझवला, सांभाळून माझ्याकडे सरकवला, अंगठा खांद्यावरच्या रुमालाला पुसला, आणि म्हणाले:

"मालूम था, बेटी. उसीच दिन अंगूठे कू लगा था, करडी का तेल, कुंकू के साथ. पर पूजा के तेल से बच्ची गिरी, ये मेरे मूँ से कौन सुनता था? तुमे बोलते तो सुनते थे. मैं उस दिन दरवाजे में खडा रह के तुमारीच राह देखा."